राहनाळच्या नाक्यावरचं रात्रीचं हॉटेल

स्मरणिका समितीनं मला विषय दिला तो "आपल्या परिसराचा इतिहास". पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स, गणेशोत्सव हे सगळं इतरांनी वाटून घेतलं होतं. माझ्या वाट्याला आलं कंपाउंडच्या भिंतीबाहेरचं. भिंतीबाहेर काय होतं म्हणून आठवायला बसलो, तर गावदेवीच्या आधी, गोडाउनच्या आधी, मला ते हॉटेल आठवलं. म्हणून हा लेख त्या हॉटेलवर आहे. परिसराचा इतिहास त्यातूनच जेवढा येईल तेवढा येईल.

नवीन सभासदांसाठी सांगतो. आपल्या गेटातून बाहेर पडून जुन्या आग्रा रोडकडे निघालं की डाव्या हाताला, आता जिथे पत्र्याच्या शटरचे गाळे आहेत, तिथे ते होतं. पाटी होती, पण उन्हापावसानं अक्षरं पार उडालेली. नाव कुणालाच माहीत नव्हतं. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे "चाचाचं हॉटेल" म्हणायचे. वर सिमेंटचे पत्रे, पुढे निळी ताडपत्री, चार बाकडी, एक मोठा तवा आणि चहाचं कायम उकळणारं पातेलं. दिवसा तिथे फारसं कुणी नसायचं. खरी वर्दळ रात्री दहानंतर सुरू व्हायची आणि पहाटे पाचच्या अजानपर्यंत चालायची.

२००० साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आपली बी विंग अजून प्लास्टरशिवाय होती. मागच्या बाजूला भाताची खाचरं. पावसाळ्यात बेडूक एवढे ओरडायचे की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. मी तेव्हा ठाण्याला एका छापखान्यात सेकंड शिफ्टला होतो. सुटायला साडेअकरा व्हायचे, शेवटची बस चुकली की बाळकुम नाक्यावर टेम्पोला हात करायचा आणि कशेळीचा पूल, काल्हेर, पूर्णा असं करत इथे उतरायचं. घरी सगळे झोपलेले. सौ.नं ताट झाकून ठेवलेलं असायचं हे खरं, पण रात्री एक वाजता थंड आमटी-भात खायची इच्छा होत नाही, हेही तितकंच खरं. (तिनं हा लेख आधी वाचला आहे. वाक्य ठेवायची परवानगी मिळाली आहे.)

पहिल्यांदा आत गेलो तेव्हा जरा बिचकलो होतो. भिवंडीत घर घेतलं म्हटल्यावर गिरगावातल्या आमच्या मामांनी कपाळाला हात लावला होता. त्यांच्या डोक्यात १९७० ची दंगल होती, १९८४ ची दंगल होती. "तिथे रात्री घराबाहेर पडू नकोस", एवढं बजावून त्यांनी वास्तुशांतीचं पाकीट हातात ठेवलं होतं. आणि मी रात्री एक वाजता, अनोळखी हॉटेलात, बाकड्यावर एकटा. चाचांनी वर न बघता विचारलं, "शिफ्ट से आए?" मी हो म्हटलं. "तो बैठो, गरम देता हूँ." खिमा-पाव आला, वर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. बाकी कुणी काही विचारलं नाही. तिथे येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शिफ्टवरूनच आलेला असायचा, त्यामुळे तेवढी ओळख पुरायची.

आता, असं हॉटेल राहनाळसारख्या आगरी वस्तीच्या गावाच्या वेशीवर रात्रभर का चालत होतं? गावकरी काही रात्री एकला पाव खायला येत नव्हते. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि जवळा असताना त्यांना गरजच काय? हे हॉटेल चालत होतं ते लूमवर आणि रस्त्यावर.

भिवंडीत हातमाग जुनाच. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेले मोमीन विणकर इथे येऊन वसले, त्यांनी तो वाढवला. १९३० च्या सुमारास यंत्रमाग आले. पुढे तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, कामतघरच्या बाजूला आजही तेलुगू पाट्या दिसतात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण देशाला कापड तर लागतच होतं. त्यातलं बरंचसं काम भिवंडीच्या शेडमध्ये आलं. गिरणीत आठ तासांच्या तीन पाळ्या होत्या, युनियन होती, प्रॉव्हिडंट फंड होता. इथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि जेवढं कापड विणलं तेवढे पैसे. शुक्रवार सोडला तर माग थांबायचे नाहीत. नारपोलीत राहिलेल्यांना विचारा, शुक्रवारी रात्री खटखट बंद झाली की लहान मुलं दचकून उठायची.

या कामगारांच्या जेवणाची भिवंडीतली सोय म्हणजे बिशी. आपण जी पैशांची भिशी लावतो ती नव्हे. भिवंडीत बिशी म्हणजे खानावळ. एका गावाकडचे, एका जिल्ह्याचे लोक एका बिशीत जेवणार, हिशेब महिन्याला. घरदार गावाकडे आणि इथे दहा-बारा जण एका खोलीत, तेही पाळीपाळीनं झोपणारे, म्हणजे चूल मांडायचा प्रश्नच नव्हता. मुंबईत लालबाग-परळला हेच काम घरगुती खानावळींनी केलं. गिरणीतल्या माणसांना डबे घालणाऱ्या त्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे आपल्यातल्या गिरणगावातून आलेल्या मंडळींना माहीत असेलच. आपल्याकडच्या बिशीचा असा इतिहास कुणी फारसा लिहिला नाही.

पण बिशीतही जेवणाच्या वेळा ठरलेल्या. रात्रपाळीच्या माणसाला दोन वाजता पुन्हा भूक लागते, डोळे मिटायला लागतात, आणि चालत्या मागाशेजारी डोळा लागणं म्हणजे बोट जाणं. तेव्हा लागतो कडक गोड चहा आणि काहीतरी तिखट. ते देणारी हॉटेलं अंजूर फाट्यापासून धामणकर नाक्यापर्यंत ठिकठिकाणी होती. चाचांचं त्यातलं शेवटचं, गावाकडच्या टोकाचं.

दुसरं गिऱ्हाईक रस्त्याचं. मुंबई-आग्रा रस्ता पूर्वी आपल्या दारावरूनच जायचा, ठाणे, कशेळी, अंजूर फाटा, भिवंडी शहर, मग पडघा. खारेगाव-माणकोलीवरून हमरस्ता झाल्यावर लांबची वाहतूक तिकडे वळली, तरी ट्रक काही कमी झाले नाहीत, कारण तोवर गोडाउनं आली. राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर ही गावं ग्रामपंचायतींची. इथे जकात नाही. व्यापाऱ्यानं माल इथे उतरवायचा, साठवायचा आणि लागेल तसा थोडाथोडा मुंबईत न्यायचा. भाताच्या खाचरांत भराव पडले आणि पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा बंधनं, म्हणून भराई-उतराई बरीचशी रात्रीची. म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर, माथाडी, टेम्पोवाले सगळे जागे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तेव्हा आमच्यासारख्यांना वाटलं आता गोडाउनं ओस पडणार. झालं उलटंच. ऑनलाइन खरेदीचा माल ठेवायला त्याहून मोठी गोडाउनं उभी राहिली.

मुंबईकरांना रात्रीचं खाणं म्हटलं की ताजमहाल हॉटेलामागचा बडेमियाँ आठवतो, १९४६ पासूनचा. किंवा इराण्याचं कोपऱ्यावरचं हॉटेल, जरी बहुतेक इराणी रात्री लवकरच शटर ओढायचे. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, फोटोंची प्रदर्शनं भरली. भरावीतच. पण तिथे संगमरवरी टेबलं होती आणि बसणाऱ्यांत लिहिणारे लोक होते. चाचांच्या बाकड्यावर बसणाऱ्यांत फक्त मी होतो छापखान्यातला, आणि मीही दुसऱ्यांनी लिहिलेलंच छापत होतो.

आपल्या सोसायटीचा आणि त्या हॉटेलाचा खरा संबंध आला लोडशेडिंगमुळे. २००७ च्या जानेवारीत भिवंडीचं वीजवितरण फ्रँचायझीवर खासगी कंपनीकडे गेलं, देशातला तसा पहिलाच प्रयोग. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं आठवा. रात्री अकराला वीज जायची, पंखे बंद, डास सुरू. पुरुष मंडळी बनियनवर खाली उतरायची आणि चाचांच्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसायची. सोसायटीच्या पहिल्या पाच वर्षांचे निम्मे निर्णय तिथे झाले असतील. बोअरवेल कुठे मारायची, थकबाकीदारांना नोटीस कोणी द्यायची, गणपतीची वर्गणी किती. दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये ते मिनिट्सबुकात उतरायचं तेवढंच. आपले पहिले सेक्रेटरी शुद्ध शाकाहारी, पण रोज यायचे, फक्त चहा आणि खारी घ्यायचे. त्यांच्यासाठी चाचांनी वेगळा ग्लास ठेवला होता, खुणेला त्याला लाल दोरा बांधलेला. सांगितलं कुणीच नव्हतं, त्यांचं त्यांनीच ओळखलं.

इथे सौ.नं समासात लिहिलं आहे: "हा पुरुषांचा इतिहास झाला." बरोबर आहे. बाया तिथे बसत नव्हत्या. उकाड्यात त्या गच्चीवर असायच्या, मुलांना वारा घालत. हॉटेल त्यांच्यापर्यंत पोचायचं ते पार्सलमधून, आणि तेही आम्हाला आठवण झाली तर. नंतर चाचांनी मागे पडदा लावून दोन टेबलांची फॅमिली रूम केली. पण माझ्या आठवणीत तिथे आपल्या सोसायटीतली बाई एकदाच बसली, ती २६ जुलै २००५ ला.

त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. इकडे उल्हास नदी आणि खाडी दोन्ही फुगल्या होत्या. मी ठाण्याहून चालत निघालो. कशेळीच्या पुलावर माणसांची रांग, कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं. काल्हेरला कमरेएवढं पाणी. राहनाळला पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले असतील, आणि अख्ख्या रस्त्यावर उजेड एकाच ठिकाणी होता. आत पन्नास-साठ माणसं उभी. सी विंगमधल्या, त्या वेळी नोकरीला मुंबईत जाणाऱ्या एक ताई फॅमिली रूममध्ये थरथरत बसल्या होत्या, अंगावर चाचांची गोधडी. पाव संपले होते. मोठ्या पातेल्यात डाळ-तांदूळ एकत्र शिजत होते आणि जो येईल त्याच्या हातात प्लेट दिली जात होती. पैसे विचारायची कुणाला शुद्ध नव्हती, आणि चाचांनी मागितलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी द्यायला गेलो तर म्हणाले, "कल हिसाब नहीं लिखा, किसका कितना पता नहीं." उधारीची वही तर त्यांच्या गल्ल्यावर कायम असायची. त्या रात्री ती उघडलीच नव्हती.

२००८ मध्ये माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. पहाटेचे तीन. रिक्षा नाही, फोनवर कुणी मिळेना. धावत खाली गेलो. बाकड्यावर एक टेम्पोवाला जेवत होता. चाचांनी त्याला नुसतं नावानं हाक मारली. त्यानं रोटी तशीच ताटात टाकली, हात पँटला पुसले आणि वडिलांना पुढच्या सीटवर बसवून ठाण्याला नेलं. वडील त्यानंतर सहा वर्षं जगले. त्या टेम्पोवाल्याचं नाव मी त्या गडबडीत ऐकलं आणि विसरलो.

हे सगळं लिहिल्यावर पुढचं लिहिणं भाग आहे. २०११ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हॉटेलाविरुद्ध अर्ज करायचं ठरलं. तक्रारी खोट्या नव्हत्या. धूर ए विंगच्या बेडरूममध्ये यायचा, ट्रक गेटासमोर लागायचे, रात्री मोठ्यानं गाणी, कधीमधी भांडणं. तोवर फ्लॅटच्या किमती वाढल्या होत्या आणि नवीन घ्यायला येणारे आधी त्या हॉटेलाकडे बघायचे आणि मग आपल्याकडे. दुकानं-हॉटेलांच्या वेळा १९४८ च्या कायद्यानं बांधलेल्या होत्याच, म्हणजे नियम आपल्या बाजूनं होता. अर्जावर बावीस सह्या आहेत. सातवी माझी आहे. मी सभेत काही बोललो नाही. कागद फिरत आला, सही केली, पुढे दिला.

कारवाई म्हणावी अशी काही झाली नाही. पण चाचांना कळलं. त्यांनी रस्त्याकडचा दिवा अकराला बंद करायला सुरुवात केली, शेगडी मागे नेली, पुढे एक पोऱ्या उभा करून ट्रक लांब लावायला सांगू लागले. मी आठ-दहा दिवस गेलोच नाही. मग गेलो. त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "शिफ्ट से आए?" सह्या कुणाच्या हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढे कायदाच बदलला. २०१७ च्या नव्या कायद्यानं राज्यात दुकानं-हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला वाट करून दिली, आणि जानेवारी २०२० च्या अखेरीस मुंबईत "नाइट लाइफ" सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. चाचांना मी पेपर वाचून दाखवला. ते हसले. "अब सरकार भी रात को जागेगी." दोन महिन्यांत लॉकडाउन लागला.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये लूम बंद, बिश्या बंद. बिशीवाल्यालाच उधारीवर धान्य मिळेना, तर तो कामगाराला काय देणार? नाशिकच्या रस्त्यानं माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली, ते आपण टीव्हीवर बघितलं आणि काहींनी गच्चीवरून. चाचांनी शटर अर्धं खाली ओढून मागच्या बाजूला खिचडी सुरू ठेवली. त्यात आपल्या सोसायटीनं तांदूळ, डाळ, तेल दिलं, हे समितीच्या वहीत नोंदलेलं आहे. वही बघितली तेव्हा लक्षात आलं, देणाऱ्यांच्या यादीत अर्जावर सही करणाऱ्यांपैकी पंधरा-सोळा नावं आहेत. मेच्या सुरुवातीला आपल्या भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक स्पेशल सुटली. नंतरही गाड्या सुटत राहिल्या. त्यातल्या एका गाडीनं चाचा गेले. जायच्या आदल्या रात्री ते गेटवर आले होते. वॉचमननं आत सोडायचं नाही असा नियम होता, म्हणून आम्ही जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून बोललो, तोंडाला मास्क. त्यांनी उधारीची वही आणली होती. माझे एकशे चाळीस रुपये निघत होते. मी दोनशे दिले. साठ परत द्यायला त्यांच्याकडे सुटे नव्हते. "आके दूँगा," म्हणाले.

ते परत आले नाहीत. एक-दोनदा फोन लागला, मग लागेनासा झाला. जागा मुळात त्यांची नव्हतीच. मालकानं गाळे बांधले. अंजूर फाट्यापर्यंत मेट्रोचे खांब उभे राहिले, रस्त्याची ओळखच बदलली.

आता रात्री एक वाजता माझा नातू मोबाइलवरून बिर्याणी मागवतो. आणणारा मुलगा गेटवर येतो, ओटीपी विचारतो, जातो. मी एकदा त्याला विचारलं, तू कुठे जेवतोस? म्हणाला, "गाडीवरच, काका. मधल्या वेळात." गोडाउनवाल्यांच्या आवारात कॅन्टीन आहेत म्हणतात, पण ती आयकार्डवाल्यांसाठी.

स्मरणिकेसाठी पंचवीस वर्षांचे अल्बम चाळले. पूजा, सहल, झेंडावंदन, हळदीकुंकू, सगळं आहे. त्या हॉटेलाचा एकही फोटो नाही. २००३ च्या गणपती विसर्जनाच्या एका फोटोत मिरवणुकीच्या मागे निळ्या ताडपत्रीचा कोपरा तेवढा दिसतो. कुणाच्या घरी, जुन्या मोबाइलमध्ये किंवा नातेवाइकांकडे एखादा फोटो असेल तर ऑफिसात आणून द्यावा. आणि सी विंगच्या त्या ताई आता बदलापूरला असतात असं कळलं. कुणाकडे त्यांचा नंबर असेल तर मला हवा आहे. त्या रात्री खिचडीत चाचांनी काय घातलं होतं यावर माझा आणि सौ.चा वाद चालू आहे.